काव्यपठनाची कसोटी

कोल्हापूर शहर सोडून पुण्याच्या वाटेला लागलें आणि पंचगंगेवरील पूल ओलांडला, कीं शिरोलीची हद्द लागते. गांवाचें नांवच मुळीं ‘शिरोली पुलाची’ असें आहे. एका अंगास उंसाचीं रानें, दुसऱ्या अंगास पुणें-बंगळूर महामार्गावरून अहोरात्र धांवणाऱ्या मालमोटारी, आणि या साऱ्यांच्या शेजारास ती औद्योगिक वसाहत, जिला सारा जिल्हा ‘शिरोली एमआयडीसी’ म्हणून ओळखतो. येथील फौंड्र्यांतून वाळूच्या साच्यांत बिडाचा तप्त रस ओतला जातो, आणि मोटारींचे, पंपांचे, इंजिनांचे ओतीव भाग तयार होऊन दूरदूर जातात. भट्टीची धग, हवेंत तरंगणारी काळी धूळ, पाळी बदलण्याच्या वेळीं फाटकांतून लोटणारी माणसांची रांग. अशा ठिकाणीं कवितेचें काय काम, असा प्रश्न एखाद्या सुखवस्तु श्रोत्याच्या मनांत सहज उभा राहील. त्याचें उत्तर असें कीं, जेथें मुलें शाळेंत जातात तेथें कविता असतेच. पाठ्यपुस्तकाच्या आठदहा पानांपुरती का होईना, परंतु असते. आणि वर्षांतून एकदां तरी ती पुस्तकांतून उठून व्यासपीठावर येते.

कुसुमाग्रज, म्हणजे वि. वा. शिरवाडकर, यांचा जन्म २७ फेब्रुवारी १९१२ चा. तो दिवस महाराष्ट्रांत मराठी भाषा गौरव दिन म्हणून पाळला जातो, आणि त्याच्या आगेंमागें गांवोगांवच्या माध्यमिक शाळांतून काव्यपठनाच्या स्पर्धा होतात. शाळा शहराच्या पेठेंतील असो वा कारखान्यांच्या कुशींतील असो, थाट बहुधा एकच. फळ्यावर रंगीत खडूनें काढलेली नक्षी, टेबलावर पांढरें कापड, दोनतीन परीक्षक, त्यांच्यापुढें गुणपत्रकें, आणि भिंतीला टेकून ओंठांतल्या ओंठांत कविता घोळवीत उभीं असलेलीं मुलें. एखाद्यानें पहिली ओळ तळहातावर शाईनें उतरवून ठेवलेली असते, आणि ऐन वेळीं घामानें ती पुसून गेलेली असते.

मग नांवें पुकारलीं जातात. पहिला स्पर्धक येतो, वांकून नमस्कार करतो आणि सुरू होतो. कवितेंत पक्षी आला कीं त्याचे दोन्ही हात फडफडूं लागतात. आकाश आलें कीं बोट वर जातें. आई आली कीं हात छातीशीं येतो, आणि अश्रु आले तर तर्जनी डोळ्याखालून फिरलीच म्हणून समजावें. शेवटच्या ओळीला आवाज टिपेला पोंचतो, टाळ्या पडतात, आणि गुणपत्रकांतील ‘हावभाव’ या रकान्यांत दहापैकीं नऊ गुण लिहिले जातात. त्या मुलाचा यांत कांहींच दोष नाहीं. रकाना आहे म्हणून हावभाव आहेत. ज्या दिवशीं पहिल्यानें कोणी तरी ‘हावभाव’ हा शब्द गुणपत्रकांत घातला त्या दिवशीं त्यानें कवितेच्या शेजारीं एक मूकनाट्य आणून बसविलें, आणि तेव्हांपासून तें कवितेच्या पुढें पुढें करीत आहे.

पठन चांगलें कशास म्हणावें, हा प्रश्न अलीकडचा नव्हे. ‘पाणिनीय शिक्षा’ या नांवाचा उच्चारशास्त्रावरील एक लहानसा संस्कृत ग्रंथ आहे. वेदपाठ करणाऱ्यांसाठीं रचलेला. परंतु त्यांतील कांहीं गोष्टी अशा आहेत कीं त्या शिरोलीच्या परीक्षकांपुढें कागदावर लिहून ठेवाव्या. अधम पाठक सहा प्रकारचे, असें तो ग्रंथ सांगतो: गाणारा, घाई करणारा, मान हलविणारा, लिहिलेलें पाहून वाचणारा, अर्थ न जाणणारा आणि बारीक कंठाचा. उत्तम पाठकाचे गुणहि सहाच: माधुर्य, अक्षरांची स्पष्टता, पदें योग्य ठिकाणीं तोडणें, सुस्वर, धैर्य आणि लय सांभाळण्याचें सामर्थ्य. या बारा गोष्टींत हावभाव कोठेंच नाहीं. उलट, साधी मान हलविणेंहि दोषांत जमा! आणि अर्थ न कळतां म्हणणें हा तर दोष म्हणून स्वतंत्रपणें नोंदलेला आहे. केवळ पाठांतरावर ज्यांचा सारा भर, असें ज्यांच्याविषयीं उठतांबसतां बोललें जातें, त्याच परंपरेनें अर्थज्ञानाची अट घालून ठेवावी, हें लक्षांत घेण्यासारखें आहे.

आतां या जुन्या ग्रंथाच्या शेजारीं अगदीं नव्या काळांतील एक गोष्ट ठेवावी. अमेरिकेंत २००६ सालापासून ‘पोएट्री आउट लाउड’ या नांवानें माध्यमिक शाळांतील विद्यार्थ्यांची काव्यपठन-स्पर्धा राष्ट्रीय पातळीवर सुरू झाली. वर्गांतून शाळा, शाळेंतून राज्य आणि राज्यांतून राजधानी अशी तिची चढती रचना. विजेत्याला वीस हजार डॉलरांचें पारितोषिक ठेवलें गेलें, म्हणजे प्रकरण कांहीं हंसण्यावारी नेण्याजोगें नव्हे. तेथील परीक्षकांना जें गुणपत्रक दिलें गेलें त्यांत शरीराची ठेवण, आवाज व उच्चार, आविष्काराचें औचित्य आणि कविता समजल्याची खूण असे रकाने आहेत. शब्द न् शब्द बरोबर आला कीं नाहीं, हें पाहणारा परीक्षक वेगळा. नाटकी हातवारे, बनावट आवाज किंवा कविता गाऊन दाखविणें यांनीं गुण वाढत नाहींत, घटतात. पाणिनीय शिक्षेचें नांवहि ज्यांनीं ऐकलें नसेल त्यांनीं सातासमुद्रांपलीकडे बसून जवळजवळ तेच नियम करावे, यांत आश्चर्य आहे. पण फार मोठें आश्चर्यहि नाहीं. शब्द तोंडानें म्हणावयाचा आणि दुसऱ्याच्या कानांत पोंचवावयाचा, या व्यवहाराचे कायदे सगळीकडे सारखेच असणार.

‘गाणारा’ हा दोष मात्र मराठी माणसाला सहजासहजीं पटावयाचा नाहीं, आणि त्यास कारणेंहि आहेत. मराठी कविता जन्मापासूनच चालीवर वाढली. ओंवी जात्यावर, अभंग टाळावर, आर्या आणि श्लोक घरोघरच्या पाठांतरांत. परशुरामपंत तात्या गोडबोले यांनीं १८५४ सालीं जुन्या कवींचे वेंचे ‘नवनीत’ या ग्रंथांत एकत्र केले, आणि पुढें कित्येक पिढ्यांनीं शाळेंतील कविता त्याच ग्रंथांतून घोकली. रामदासांचे मनाचे श्लोक २०५. सारे भुजंगप्रयात वृत्तांत. बारा अक्षरांची ओळ, लघु-गुरु-गुरु ही पायरी चार वेळां. ही चाल एकदां जिभेवर बसली कीं श्लोक आपोआप वाहूं लागतात, आणि वाहतां वाहतां अर्थ कधीं कांठावर राहून जातो तें कळत नाहीं.

पुढें १९२३ सालीं पुण्यास रविकिरण मंडळ स्थापन झालें. माधव जूलियन, यशवंत, गिरीश प्रभृति कवींनीं आपल्या कविता गांवोगांवच्या सभांतून गाऊन दाखविण्याची प्रथा रूढ केली. आचार्य अत्रे यांनीं ‘झेंडूचीं फुलें’ लिहून त्या काळच्या काव्याची आणि कवींच्या नखऱ्यांची यथेच्छ थट्टा केली. तीहि वाचकांनीं मनसोक्त हंसून स्वीकारली. तरीपण न्याय द्यावयाचा तर एवढें मान्य केलेंच पाहिजे कीं, या मंडळींनीं कविता पुस्तकाच्या पानांतून काढून सामान्य श्रोत्याच्या कानापर्यंत आणली. त्यांचें गाणें ज्यांनीं नुसतें उचललें, त्यांनीं मात्र प्रत्येक कवितेला एकच रडवी चाल लावण्याचा सपाटा चालविला. शाळाशाळांतून ती चाल अजूनहि ऐकूं येते. आनंदाच्या कवितेलाहि तीच, आणि शोकाच्या कवितेलाहि तीच.

या मंडळांतील माधव जूलियन, म्हणजे डॉ. माधवराव पटवर्धन, यांचा कोल्हापूरशीं निकटचा संबंध. ते राजाराम कॉलेजांत फारसीचे प्राध्यापक होते. मराठी छंदांचें शास्त्र मांडणारा त्यांचा ‘छंदोरचना’ हा ग्रंथ १९२७ सालीं निघाला, त्याची वाढविलेली आवृत्ति १९३७ सालीं आली, आणि त्या कार्यासाठीं मुंबई विद्यापीठानें १९३८ सालीं त्यांना डी. लिट. ही पदवी दिली. ज्या नगरींत असा छंदःशास्त्रज्ञ नांदून गेला, त्या नगरीच्या परिसरांतील मुलाला यति म्हणजे काय, एवढें तरी ठाऊक असावें, अशी अपेक्षा केली तर ती अवास्तव म्हणतां यावयाची नाहीं. यति म्हणजे वृत्तांतील ठरलेला विसांवा. मंदाक्रांतेच्या सतरा अक्षरांत तो चौथ्या व दहाव्या अक्षरानंतर येतो. पण अर्थाचा विसांवा निराळाहि असूं शकतो. वाक्य एका ओळींत संपत नाहीं, तें पुढच्या ओळींत जातें. तेथें वृत्त ‘थांब’ म्हणतें आणि अर्थ ‘चल’ म्हणतो. या ओढाताणींत जो मुलगा लय न मोडतां अर्थ पोंचवितो त्याला पठन साधलें. पदें योग्य ठिकाणीं तोडणें आणि लय सांभाळणें, हे दोन गुण जुन्या ग्रंथकारानें वेगळे वेगळे कां मोजले, तें येथें उमगतें.

मुक्तछंदांत तर हा आधारहि नाहीं. कवि अनिल यांच्यापासून मराठींत मुक्तछंद रुळला, आणि चालीवर पोसलेल्या पाठकाच्या हातचें होकायंत्रच गेलें. त्याला प्रत्येक ओळ स्वतःच्या समजुतीनें म्हणावी लागते. स्वातंत्र्योत्तर काळांत विंदा करंदीकर, वसंत बापट आणि मंगेश पाडगांवकर या तिघांनीं महाराष्ट्रभर फिरून आपल्या कविता जाहीरपणें म्हणून दाखविल्या. त्यांपैकीं करंदीकरांचें शिक्षण कोल्हापूरचें. या तिघांनीं हजारों श्रोत्यांना कविता न गातांहि ऐकविली आणि लोक टाळ्यांच्या गजरांत उठले, हा मराठी काव्यपठनाच्या इतिहासांतील एक टप्पाच म्हणावा लागेल. तेव्हां गाण्याशिवाय मराठी कविता उभी राहत नाहीं, ही सबब आतां कोणी सांगूं नये.

परीक्षकाचा कान कसा असावा, याचें एक उदाहरण खानदेशांतलें आहे. १९०७ सालीं जळगांवास महाराष्ट्र कविसंमेलन भरलें होतें. अध्यक्ष होते डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. पेशानें वैद्यक-अधिकारी आणि विद्येनें वनस्पतिशास्त्रज्ञ, भारतीय औषधी वनस्पतींवरील प्रसिद्ध ग्रंथाचे एक कर्ते. त्या संमेलनांत त्र्यंबक बापूजी ठोंबरे नांवाचा एक मुलगा उभा राहिला आणि त्यानें कविता म्हटली. वय सोळा पुरें, सतरावें चालू; म्हणजे आज माध्यमिक शाळेच्या शेवटच्या वर्गांत शोभला असता असा. अध्यक्षांनीं त्याला ‘बालकवि’ म्हणून गौरविलें, आणि मराठी वाचक आज त्याचें आडनांव विसरला तरी तें नांव विसरलेला नाहीं. तेथें गुणपत्रक नव्हतें, रकाने नव्हते, पहिला-दुसरा क्रमांक नव्हता. झाडापानांची पारख करणारा एक वृद्ध गृहस्थ होता, आणि त्याला एका मुलाच्या तोंडून आलेली कविता ऐकूं आली. बालकवि पुढें १९१८ सालीं रेल्वेच्या अपघातांत गेले. अवघें सत्तावीस वर्षांचें आयुष्य.

हें सारें ध्यानांत ठेवून पुन्हां शिरोलीस यावें, कारण खरी अडचण येथेंच आहे. तीन स्पर्धक कल्पनेनें डोळ्यांपुढें आणावे. पहिला सुशिक्षित घरांतला. घरीं पुस्तकें आहेत, आईवडील दोघेहि शुद्ध मराठी बोलतात, शिकवणीच्या बाईंनीं हातवारे बसवून दिले आहेत. दुसरा जवळच्या खेड्यांतील शेतकऱ्याचा. तो ‘पाणी’ म्हणावयाच्या ठिकाणीं ‘पानी’ म्हणतो, कारण त्याच्या घरीं, त्याच्या गल्लींत आणि त्याच्या शेताच्या बांधावर तोच उच्चार चालतो. तिसरी मुलगी. तिचा बाप बिहारांतून येऊन फौंड्रींत साच्यांच्या कामावर लागला. घरीं भोजपुरी, बाहेर हिंदी, शाळेंत मराठी. तिच्या तोंडांत ‘ळ’ नीट बसलेला नाहीं, आणि मराठी ‘च’, ‘ज’, ‘झ’ यांचे दोन दोन उच्चार असतात हें तिला कोणी सांगितलेलेंच नाहीं. ‘चंद्र’ मधला च वेगळा, ‘चाक’ मधला वेगळा. ‘जीव’ मधला ज निराळा, ‘जाळें’ मधला निराळा. लिपि दोहोंना एकच चिन्ह वापरते, तेव्हां पुस्तक पाहून हा भेद कळण्याची सोयच नाहीं. तो कानानेंच कळावयाचा, आणि कान घरीं तयार होतो.

गुणपत्रकांत ‘शुद्ध उच्चार’ असा रकाना आहे. तिघांना त्यांत किती गुण पडतील, हें निकालाआधींच सांगतां येईल. प्रश्न एवढाच कीं, हे गुण कोणाचे? पहिल्या मुलाला मिळालेले गुण त्याच्या आजीचे, आईचे, त्याच्या घरांतील बोलण्याचे. त्यानें ते मिळविले नाहींत. ते त्याला जन्मतः आले. आणि उरलेल्या दोघांचे जे गुण कापले गेले ते त्यांच्या घराचा दंड म्हणून कापले गेले. स्पर्धा पठनाची ठेवावी आणि मोजावें कुळाला, हा सरळ अन्याय आहे. तो करणारे सज्जन आहेत आणि त्यांना त्याचा पत्ताहि नाहीं, म्हणून तो सौम्य होत नाहीं.

यावर कोणी म्हणेल, मग उच्चाराचा आग्रहच सोडावयाचा काय? मुळींच नाहीं. अक्षरांची स्पष्टता हा पाठकाचा गुण आहे आणि तो राहिलाच पाहिजे. परंतु स्पष्टता वेगळी आणि एका विशिष्ट घराण्याचा उच्चार वेगळा. त्याच जुन्या ग्रंथांत एक सुंदर दृष्टांत आहे. वाघीण आपलीं पिल्लें दांतांत धरून नेते तेव्हां तीं खालीं पडत नाहींत आणि त्यांना दांतहि रुतत नाहींत; अक्षरें तशीं उच्चारावीं, असें ग्रंथकार म्हणतो. अक्षर गळूं नये आणि चिरडूं नये. ‘पानी’ म्हणणाऱ्या मुलाचें अक्षर गळतहि नाहीं, चिरडतहि नाहीं. तें फक्त निराळें आहे.

निराळेपणाची बाजू कवितेनेंच मांडून ठेवली आहे. बहिणाबाई चौधरी जळगांवजवळच्या असोद्याच्या. त्यांना अक्षरओळख नव्हती. शेतांत आणि घरांत काम करतां करतां त्यांनीं गाणीं रचलीं. मुलगा सोपानदेव आणि इतर आप्त यांनीं तीं टिपून ठेवलीं. १९५१ सालीं बहिणाबाई निवर्तल्यावर दुसऱ्या वर्षीं तीं अत्र्यांच्या प्रस्तावनेसह छापून आलीं. त्यांची भाषा खानदेशच्या शेतकऱ्याच्या घरांतली. पाठ्यपुस्तकांनीं त्यांना सन्मानानें जागा दिली. आतां एखाद्या स्पर्धेंत त्यांचीच कविता म्हणावयाची आणि तिचे शब्द पुणेरी वळणावर नेऊन ‘शुद्ध’ करावयाचे, तर त्यांत बहिणाबाई किती उरतील? उलट त्या शिरोलीकडच्या मुलानें आपल्या बोलीच्या कानानें ती कविता म्हटली, तर प्रांत निराळा असूनहि तो तिच्या जवळ जाईल, कारण शेत, विहीर, जातें, चूल हे शब्द त्याच्या तोंडीं पाहुणे म्हणून येत नाहींत.

तिसऱ्या मुलीचें काय? तिच्यासाठीं नारायण सुर्वे आहेत. मुंबईच्या रस्त्यावर टाकून दिलेलें एक मूल गंगाराम सुर्वे नांवाच्या गिरणीकामगारानें उचललें, आपलें नांव दिलें आणि शाळेंत घातलें. तें मूल पुढें शाळेचा शिपाई झालें, नंतर नगरपालिकेच्या शाळेंत शिक्षक झालें, आणि १९६६ सालीं ‘माझें विद्यापीठ’ हा काव्यसंग्रह त्याच्या नांवावर आला. १९९५ सालीं परभणीच्या साहित्यसंमेलनाचें अध्यक्षपदहि त्यानें भूषविलें. सुर्व्यांच्या कवितेंत मुंबईच्या कामगारवस्तींतील हिंदीमिश्रित बोली उजळ माथ्यानें वावरते. पाळी, भोंगा, पगार, खोली यांतून ती घडलेली आहे. साच्यांवर काम करणाऱ्या माणसाच्या मुलीनें ती म्हणावी आणि हिंदीची छटा आली म्हणून परीक्षकानें दोन गुण कापावे, याहून विनोदी प्रसंग शोधून सांपडावयाचा नाहीं.

तरी त्या मुलीला ‘ळ’ शिकविलाच पाहिजे. दया म्हणून तो माफ करणें हा तिचा दुसऱ्या प्रकारचा अपमान आहे. जिभेचा शेंडा उलटा वळवून टाळूच्या मधल्या भागाला लावावा आणि सोडावा. ‘बाळ’, ‘काळ’, ‘माळ’ असे दहा शब्द रोज पांच मिनिटें म्हणावे. पंधरा दिवसांत ध्वनि सांपडतो. दोन प्रकारच्या ‘च’ ला थोडे अधिक दिवस लागतात. ‘च’ म्हणतांना जीभ दांतांच्या मुळाशीं नेऊन पहावी आणि शब्दांच्या जोड्या कानावर घालाव्या. हें काम स्पर्धेच्या आधीं महिनाभर शाळेनें करावयाचें. शाळेनें जें शिकविलें तेंच स्पर्धेंत मोजावें. जें शिकविलें नाहीं त्याचे गुण कापण्याचा अधिकार तिला कोणी दिला? राजर्षि शाहू महाराजांनीं कोल्हापूर संस्थानांत १९१७ सालीं प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत करण्याचें पाऊल टाकलें तें, ज्या घरांत अक्षर पोंचलें नव्हतें त्या घरचें मूल शाळेंत यावें म्हणून. तें मूल शाळेंत आल्यावर त्याच्या घराच्या उणिवा मोजीत बसणें त्या हेतूशीं विसंगत आहे.

समजल्याची खूण परीक्षकाला कशी दिसावी, ही शंका रास्त आहे. ती बहुधा विरामांत दिसते. ऑगस्ट २०१९ मध्यें पंचगंगेला महापूर आला, शिरोलीजवळ महामार्गावर पाणी चढलें आणि कित्येक दिवस रहदारी बंद राहिली; २०२१ च्या जुलैंत पुन्हां तोच प्रकार झाला. त्या वेळीं प्राथमिक वर्गांत असलेलीं मुलें आतां माध्यमिक शाळेंत आलीं आहेत. पाठ्यपुस्तकांतील पावसाची कविता बहुधा आनंदाची असते. हिरवें रान, वाहते ओढे, नाचणारे मोर. पण ज्या मुलीनें भरल्या घरांतून सामान डोक्यावर घेऊन बाहेर पडतांना पाऊस पाहिला, ती ‘पाऊस’ हा शब्द उच्चारतांना क्षणभर थांबली, तर तो विराम कोणत्याहि शिकवणीच्या बाईंनीं बसविलेला नसतो. ती चुकली असेंहि परीक्षकाला वाटेल. म्हणून पठन झाल्यावर एकच प्रश्न विचारावा, आणि तो सोपा असावा: हीच कविता कां निवडलीस? पाठ केलेलें उत्तर ओळखूं येतेंच. दुसरें उत्तर आलें तर तेंहि ओळखूं येतें.

तयारीविषयीं दोन शब्द. कविता मुलानेंच निवडावी, शिक्षकानें चारपांच पुढें ठेवाव्या. आधीं तिचा अन्वय लावून ती साध्या वाक्यांत सांगतां यावी, मगच पाठांतरास घ्यावी. उलट क्रम केला तर चाल आधीं घट्ट बसते आणि अर्थाला मागाहून जागा मिळत नाहीं. पाठ झाल्यावर ती घरीं कोणाला तरी म्हणून दाखवावी. ज्या घरीं मराठी बोलत नाहींत त्या घरीं तर अवश्य. रात्रपाळीहून आलेल्या बापाला ती सगळी कळणार नाहीं. तो मध्येंच एखाद्या शब्दाचा अर्थ विचारील, आणि तो सांगतां सांगतां मुलीला स्वतःलाच तो पहिल्यानें कळेल, असें पुष्कळदां घडतें.

आणि गुणपत्रक. ‘हावभाव’ हा रकाना काढून टाकावा. ‘शुद्ध उच्चार’ याच्या जागीं ‘स्पष्ट उच्चार’ असें लिहावें. ‘अर्थाची जाण’ हा रकाना नव्यानें घालून त्याला सर्वांत अधिक गुण ठेवावे. परीक्षकांपैकीं एक जण तरी त्याच परिसरांतला असावा. ज्याला तेथील बोलीचा कान आहे आणि मुलांच्या घरांची माहिती आहे. ध्वनिक्षेपक बंद ठेवावा. साठसत्तर माणसांच्या खोलींत चौदा वर्षांच्या मुलाचा आवाज त्याच्यावांचून पोंचतो, आणि मुलाला ओरडण्याचा मोह होत नाहीं. खिडक्या मात्र उघड्याच ठेवाव्या लागतील, कारण फेब्रुवारीच्या अखेरीस शिरोलींत दुपारचें ऊन चांगलें तापतें. महामार्गावरून एखादी मालमोटार भोंगा वाजवीत गेली तर स्पर्धकानें थांबावें, परीक्षकानें घड्याळांतील तेवढा वेळ वजा धरावा, आणि गाडी पुलापलीकडे गेल्यावर मुलीला खुणेनें सांगावें कीं आतां पुढची ओळ म्हण.